दारातली नानी

माझ्या नानीचा एकच फोटो आहे. १९७४ साली, मोठ्या मामूंच्या निकाहाच्या दिवशी काढलेला. ओट्यावर ऊन पडले आहे, खुर्च्यांवर पुरुष मंडळी बसली आहेत आणि त्यांच्या मागे, दाराच्या आतल्या अंधारात, ओढणी सावरत नानी उभी आहे. ती तिथे आहे, हे घरातले सांगतात म्हणून कळते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत खालाच्या पत्र्याच्या पेटीत त्या फोटोची चौकोनी निगेटिव्ह सापडली. आमच्या उर्दू शाळेतल्या स्कॅनरवर निगेटिव्ह स्कॅन होत नाही, तिला मागून उजेड लागतो. म्हणून तालुक्याला एका स्टुडिओत गेले. तिथल्या मुलाने ‘ऑटो’ केले. फोटो ठसठशीत आला, पण नानी पार नाहीशी! दारातला अंधार एकजात काळा. स्कॅनमध्येच जे पूर्ण काळे झाले, त्यातून नंतर काही निघत नाही.

मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. तिच्यात सारे उलटे. जिथे अंधार, तिथे फिल्म जवळजवळ कोरी. चांदी अगदी थोडी. पण थोडी होती! एक फिकट आकृती उभी होती.

“बेटा, ऑटो नको. सोळा बिटमध्ये पुन्हा कर,” मी म्हटले. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी सांगून ठेवले होते : आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, सोळा बिटमध्ये ६५,५३६. पायऱ्या कमी असल्या, तर अंधार उजळताना पट्टे पडतात.

रात्री घरी ‘गिम्प’मध्ये कर्व्हजची रेघ खालच्या टोकाशी जराशी उचलली. वरचा भाग होता तिथेच धरून ठेवला, नाहीतर ओट्यावरचे ऊन पांढरेफटक होते. आधी कपाळ दिसले, मग कानातल्या बाळ्या, मग डोळे. फिल्मचे दाणेही वर आले. मला मोह आवरेना. रेघ आणखी उचलली.

सकाळी खालाला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

“ही कोण गं? अम्मा एवढी गोरी कुठे होती? तुझ्यासारखी होती.”

‘सावळी आहे, पण नाकडोळे छान’ हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला बघायला पाहुणे येणार असले, की चेहऱ्याला हळद-बेसन लागायचे. म्हणजे रात्रभर मी नानीलाही तेच बेसन फासत बसले होते!

खालाला शेजारी बसवून रेघ पुन्हा खाली आणली. दाराचा आतला कोपरा पुरता काळा राहू दिला. तेवढा काळा नसला, तर सगळा फोटो धुरकट दिसतो. त्या काळ्याहून थोडासा उजळ नानीचा चेहरा.

“बस्स. हीच अम्मा,” खाला म्हणाली.

आमच्याकडे भिंतीवर फोटो लावत नाहीत. तो माझ्या कपाटात आहे. कोणी पाहायला मागितला, की खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे नंतर सांगते. आधी दारातली नानी दाखवते.