उहुरूची आगगाडी

मुंबईहून नैर्ऋत्येला अरबी समुद्र ओलांडून पुढे गेले, की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांझिबार बेटाच्या थोडे दक्षिणेला, दार-एस-सलाम हे बंदर लागते. नावाचा अर्थ ‘शांतीचे घर’. या टांझानियातील शहरात काँक्रीटचे एक भले प्रशस्त रेल्वे स्थानक आहे. चीनमधल्या एखाद्या शहरातून उचलून आणून येथे ठेवले असावे, असेच ते पाहून वाटते. येथून निघालेले रूळ 1,860 किलोमीटर चालत झांबियातील कापिरी म्पोशी या गावी थांबतात. कागदोपत्री या मार्गाचे नाव ‘ताझारा’. लोकांनी मात्र तिला ‘उहुरू’ची रेल्वे म्हटले. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य!

रेल्वेला स्वातंत्र्याचे नाव कशासाठी? तर झांबिया हा चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. पोटात तांबे अपार, पण समुद्र कोठेच नाही. 24 ऑक्टोबर 1964 रोजी तो स्वतंत्र झाला, आणि सुमारे वर्षभराने शेजारच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांनी ब्रिटनला धुडकावून परस्पर आपले राज्य जाहीर केले. झांबियाचे तांबे जायचे ते मुख्यतः याच ऱ्होडेशियातून. घर आपले, पण दाराची किल्ली वैऱ्याच्या कमरेला, अशी ती गत! मग मालमोटारी पेट्रोलची पिंपे घेऊन कच्च्या रस्त्याने दार-एस-सलामहून धावू लागल्या. त्या रस्त्यावर इतके अपघात झाले की त्याला ‘नरकवाट’ हे नाव पडले.

उत्तरेकडे समुद्रापर्यंत स्वतःची रेल्वे हवी, हे झांबियाचे केनेथ काउंडा आणि टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे या दोघांनाही कळत होते. त्यांनी जागतिक बँकेचे दार ठोठावले, पाश्चात्त्य देशांकडे शब्द टाकला. बँकेच्या तज्ज्ञांनी आकडेमोड करून सांगितले, हा मार्ग परवडायचा नाही. न्येरेरे 1965 मध्ये पेकिंगला गेले, पुढे काउंडाही गेले, आणि सप्टेंबर 1967 मध्ये तेथे करार झाला. चीनने सुमारे 98 कोटी 80 लाख युआनचे बिनव्याजी कर्ज दिले. फेडायला 30 वर्षांची मुदत. त्या वेळी चीन स्वतः काही श्रीमंत नव्हता. घरात सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटलेला, आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया या दोन्ही बड्या घरांशी वाकडे. मग ही औदार्याची हौस कशासाठी? उत्तरासाठी जरा थांबावे. आधी मार्ग पाहू.

दार-एस-सलाम सोडल्यावर गाडी काही तासांतच अरण्यात शिरते. जिराफ, रानम्हशी, नशीब असेल तर हत्तीही डब्याच्या खिडकीतून दिसतात. खरी परीक्षा पुढे, म्लिंबा ते मकांबाको या टप्प्यात. सखल खोऱ्यातून रूळ एकदम डोंगर चढू लागतात. बोगदा संपतो तोच पूल, पूल संपतो तोच बोगदा. आपल्याकडे बोरघाट पाहिलेल्याला या चढणीची कल्पना यावी. काम 1970 मध्ये सुरू झाले आणि जुलै 1976 मध्ये रेल्वे दोन्ही देशांच्या हवाली झाली. त्या वर्षांत सुमारे 50,000 चिनी मजूर आणि तंत्रज्ञ येथे राबले. साठाहून अधिक जण परत गेलेच नाहीत. त्यांची दफनभूमी दार-एस-सलामजवळ आहे, आणि चीनचे मोठे पाहुणे आले की तेथे पुष्पचक्र वाहतात.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. 25 ऑक्टोबर 1971 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चीनची जागा कोणाची, तैवानमधील सरकारची की पेकिंगची, यावर मतदान झाले. पेकिंगच्या बाजूने 76, विरुद्ध 35. या 76 मध्ये आफ्रिकेची मते 26 होती! टांझानियाचे तरुण प्रतिनिधी सलीम अहमद सलीम यांनी सभागृहातच आनंदाने ठेका धरला. चीन ते विसरला नाही. 1981 मध्ये सलीम सरचिटणीसपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासाठी चीनने वाल्डहाइम यांच्यावर पुनःपुन्हा नकाराधिकार वापरला. अमेरिकेने तोच सलीम यांच्यावर वापरला आणि शेवटी दोघेही बाजूला झाले, ही गोष्ट वेगळी.

पण ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा व्यवहार आफ्रिकेतही चालतोच. 1980 मध्ये ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाला, दक्षिणेचे दरवाजे उघडले, आणि उहुरूचा माल आटू लागला. वर्षाला 20 लाख टन वाहण्यासाठी बांधलेला हा मार्ग एखाद्या वर्षी एक लाख टनांच्याही खाली घसरला. बँकेच्या तज्ज्ञांची आकडेमोड अगदीच चुकीची होती असे नाही. तिच्यात स्वातंत्र्याचा रकाना नव्हता, इतकेच.

आणि चीन? तोही बदलला. नोव्हेंबर 2020 मध्ये झांबियाने परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला, तेव्हा देणेकरी सरकारांत सर्वांत मोठे नाव चीनचे होते. सप्टेंबर 2025 मध्ये नवा करार झाला. एक चिनी सरकारी कंपनी सुमारे 1.4 अब्ज डॉलर घालून ही रेल्वे दुरुस्त करणार आणि 30 वर्षांच्या मुदतीने चालवणार. पश्चिमेकडे अंगोलातील लोबिटो बंदराच्या रेल्वेला अमेरिका आणि युरोप बळ देत आहेत. विजेच्या मोटारींना तांबे हवे, म्हणून आता दोन्ही बाजूंना वाटा रुंदावल्या आहेत. तेव्हाचा चीन मते शोधत होता, आताचा चीन हिशेबाची वहीही उघडून बसला आहे.

झांबियाच्या दृष्टीने यात एक जमेची बाजू आहे. 1965 मध्ये त्याच्यापुढे दार जवळजवळ एकच होते. आज पूर्वेला एक, पश्चिमेला एक आणि दक्षिणेला आणखी काही आहेत. ज्याला चार दारे असतात, त्याला भाव करता येतो. मैत्रीच्या नावाने कितीही हार घातले, तरी दुबळ्या देशाचे खरे उहुरू बहुधा यातच असते.