ओम्नी द्यायची, पण मोठी म्हणजे किती मोठी?

तर शेवटी ओम्नी द्यायचं ठरलं. प्रश्न पुढच्या गाडीचा. गेले तीन वीकेंड आमच्या दहिवलीच्या घरात यावर जेवढी चर्चा झालीय, तेवढी ऑफिसात कुठल्या रिलीजवर होत नाही.

ओम्नी २०१२ची. मागची सीट पाडून त्यावर सुताराने करून दिलेली फळी, फळीवर गादी, काचांना आईच्या जुन्या साडीचे पडदे. इंजिन ७९६ सीसी, लांबी ३.३७ मीटर. बाबा आत झोपायचे, आम्ही दोघं शेजारी तंबूत. दिवेआगर, हरिहरेश्वर, भंडारदरा... सगळं याच संसारात झालं. (घाटात भरलेले ट्रकही आम्हाला ओव्हरटेक करायचे, ते सोडा.)

पण गेल्या डिसेंबरात दिवेआगरला बाबांना रात्री तीनदा उठावं लागलं. पंचाहत्तरीचे गुडघे, वाकून बाहेर पडायचं, बाहेर मिट्ट अंधार. तिसऱ्यांदा मला हाक मारायचा त्यांना संकोच वाटला असावा. मला जाग आली तेव्हा ते सरकत्या दारात नुसतेच बसून होते. सकाळी चहा पिताना म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही दोघं जाऊन या. मी घर बघतो."

मी काहीच बोललो नाही. घरी आल्यावर मात्र एक्सेल उघडलं.

पुण्याजवळ फोर्सच्या ट्रॅव्हलरवर कॅरव्हॅन बांधून देणारे एकजण आहेत. तिथे दोन गाड्या पाहिल्या. पहिली ४०२० व्हीलबेसची, लांबी सात मीटरच्या आसपास. चौघांची झोपायची सोय, ओटा, शॉवर, एसी, टीव्ही. आत ताठ उभा राहिलो आणि डोकं आपटलं नाही, तिथेच मी अर्धा विरघळलो. बायको ओट्यापाशी विरघळली.

मग हिशेब केला. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २४०० वॉट-तास. एसी हजार वॉट खात असेल, तर अडीच तासही चालणार नाही. पुढे रात्रभर जनरेटरची घरघर. एसी बाद. शॉवरसाठी दीडशे लिटर पाणी भरायचं म्हणजे दीडशे किलो, म्हणजे दोन धडधाकट पाहुणे कायमचे गाडीत. इथे बाबा मध्ये पडले. त्यांची नोकरी कर्जतच्या बँकर इंजिनांवर झाली, गाडीला मागून रेटत लोणावळ्यापर्यंत चढवायची. बोरघाटात चढ १:३७ चा. "वजन सपाटीवर कळत नाही रे," म्हणाले, "पळसदरीच्या पुढे कळतं."

रविवारी टेप घेऊन गल्ली मोजली. विजेच्या खांबापाशी जे वळण आहे, तिथून ओम्नी डोळे मिटून जाते, सात मीटरची गाडी जन्मात वळणार नाही. म्हणजे ती मेन रोडला ठेवायची आणि बाबांना तिथवर चालवायचं. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांचीच परेड!

माझा स्वस्तातला प्लॅन होता की शाळेची जुनी ट्रॅव्हलर घ्यायची आणि त्याच सुताराला आत सोडायचं. पण गाडीची मूळ रचना अशी मनाने बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे. उगाच आरटीओच्या फेऱ्या नकोत. प्लॅन बाद, बजेट वाढलं. असो.

दुसरी गाडी ३३५०ची, साधारण साडेपाच मीटर. दोन बिछाने, छोटा ओटा, आणि कोपऱ्यात कॅसेट टॉयलेट: खालची टाकी सुटकेससारखी ओढून काढायची आणि नेऊन रिकामी करायची. बाबांच्या बिछान्यापासून तिथवर मी मोजलेली तीन पावलं. हीच घ्यायची असं माझं आणि बायकोचं ठरलं. टीव्ही नाही. दुसऱ्या बिछान्याऐवजी कपाट करून घ्यावं आणि आपण आपलं तंबूतच झोपावं, असं बायकोचं म्हणणं आहे. बघू.

बाबांना फोटो दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "संडासाचं दार आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं असलं आणि मी पडलो, तर तू कसा उघडणार?"

हे आमच्या एक्सेलमध्ये नव्हतं. सोमवारी फोन करून विचारतो.