पावाच्या रांगेतून

१९७२च्या दुष्काळात आमच्या घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या व्हायच्या. रेशनच्या दुकानापुढे पहाटेच रांग लागायची. कुणी बाई मुलाला शाळेत सोडायला गेली, तर तिची पिशवी रांगेत राहायची आणि पिशवीमागची बाई ती जागा राखायची. याच बायका पुढे मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागून लाटणी-थाळ्या वाजवत महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. माझी आई त्यांत होती. म्हणून फ्रान्स आणि रशियाच्या क्रांतीबद्दल वाचताना माझी नजर आधी रांगेकडे जाते.

१७८८च्या जुलैत फ्रान्समध्ये गारपिटीने उभी पिकं झोपवली, मागोमाग कडाक्याचा हिवाळा आला. पॅरिसमध्ये एरवी आठ-नऊ सूला मिळणारा चार पौंडी पाव १७८९च्या जुलैत साडेचौदा सूवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. त्यात घरभाडं, सरपण, कपडे सगळं आलं. राजाचा निम्मा महसूल कर्जाच्या व्याजात जात होता, अमेरिकेच्या युद्धात केलेल्या खर्चाने ते कर्ज आणखी वाढलं होतं, आणि उमराव-धर्मगुरू बहुतेक करांतून मोकळे होते. बास्तीयचा तुरुंग पडल्याची तारीख सगळ्यांना पाठ असते. मला मात्र त्याच वर्षीचा ५ ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी बाजारात मासळी-भाजी विकणाऱ्या हजारो बायका पावसात वीसेक किलोमीटर चालून व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणीला युवराजासकट पॅरिसला घेऊन आल्या. वाटेत त्यांनी या कुटुंबाला नावं दिली: पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचा पोरगा. राजा आपल्या शहरात असला की पावही मिळेल, एवढी साधी त्यांची आशा होती.

त्यानंतर १२७ वर्षांनी, ८ मार्च १९१७ रोजी, रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये तेच घडलं. महायुद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. लाखो शेतकरी आघाडीवर होते, आगगाड्या सैन्यासाठी जुंपलेल्या, आणि गावाकडचं धान्य शहरात पोचत नव्हतं. दहा-बारा तास गिरणीत राबून बायका थंडीत पावासाठी उभ्या राहत. व्हायबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी त्या दिवशी काम टाकलं आणि शेजारच्या लोखंडी कारखान्यांच्या फाटकावर जाऊन पुरुषांना बाहेर बोलावलं. बोल्शेविकांच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आदल्याच दिवशी त्यांना संप करू नका म्हणून बजावलं होतं. आठवड्याभरात झारने गादी सोडली. बोल्शेविकांचा नेता लेनिन तेव्हा झ्यूरिकमध्ये होता. येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा म्हाताऱ्यांना कदाचित पाहायला मिळणार नाहीत, असं त्याने जानेवारीतच तिथल्या तरुणांना सांगितलं होतं.

म्हणजे दोन्हीकडे सुरुवात रांगेतून झाली. नेते नंतर आले. फ्रान्सचा रोबेस्पिएर आणि रशियाचा लेनिन, दोघेही वकिलीचं शिक्षण घेतलेले. दोघांनीही फाशीची भीषणता ओळखली होती. रोबेस्पिएरने १७९१मध्ये देहदंडच रद्द करावा म्हणून सभागृहात भाषण केलं; लेनिनच्या थोरल्या भावाला, अलेक्सांद्रला, झारच्या हत्येच्या कटापायी १८८७मध्ये फासावर चढवलं होतं. तरीही दोघांच्याच काळात सत्तेने दहशतीचा मार्ग धरला. फ्रान्समध्ये सतराएक हजार माणसांना रीतसर शिक्षा ठोठावून मारलं गेलं. रशियात बोल्शेविकांना सत्तेवर आणणाऱ्या ऑक्टोबर क्रांतीनंतर दोन महिन्यांच्या आत ‘चेका’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. हे मी वाचते तेव्हा मला राग येत नाही, भीती वाटते. चांगल्या माणसालाही ‘अजून थोडंच रक्त, मग सगळं ठीक होईल’ असं वाटू शकतं.

या दोघांत मोठा फरक आहे तो पक्षाचा. रोबेस्पिएरमागे क्लब होते, पॅरिसची गर्दी होती, सभागृहातलं बहुमत होतं. शिस्तीने बांधलेला पक्ष नव्हता. २७ जुलै १७९४ला सभागृह उलटलं आणि दुसऱ्या दिवशी तो गिलोटिनखाली गेला. लेनिनने आयुष्यभर पक्षच बांधला होता. १९२४मध्ये तो गेला, पण राज्य राहिलं, आणि १९९१पर्यंत राहिलं. फ्रान्सच्या वाट्याला नेपोलियन हा एक सेनापती आला, रशियाच्या वाट्याला पक्षाचं एक कार्यालय.

हाती काहीच लागलं नाही असं मी म्हणणार नाही. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री मोडलेले सरंजामी हक्क नेपोलियननेही परत आणले नाहीत. रशियात जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांनी घेतल्या, निरक्षर देश वाचायला शिकला. पण रांगेतल्या बायकांना काय मिळालं? फ्रान्समध्ये १७९३च्या ऑक्टोबरात बायकांच्या राजकीय क्लबांवर बंदी आली, आणि स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलिंप द गूजला ३ नोव्हेंबरला गिलोटिनवर चढवलं. व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांच्या देशात स्त्रियांनी पहिलं मत टाकलं ते २९ एप्रिल १९४५ रोजी. रशियात स्त्रियांना मताचा हक्क १९१७च्या उन्हाळ्यातच मिळाला. त्या मतांनी निवडलेल्या संविधानसभेत बोल्शेविकांना जेमतेम पाव हिस्सा मतं पडली होती. जानेवारी १९१८मध्ये ती सभा एकदाच भरली आणि बंद केली गेली. १९२१मध्ये पेट्रोग्राडमध्ये पावाचं रेशन घटलं, पुन्हा संप झाले, जवळच्या क्रोनस्टाट नौदल तळाचे खलाशी उठले. या वेळी त्यांच्यावर तोफा चालवणारे क्रांतीचेच लोक होते.

बाबासाहेबांनी दोन्ही क्रांत्यांचा हिशोब एका परिच्छेदात मांडला आहे. फ्रेंच क्रांतीचा दाखला त्यांनी डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेत दिला होता. पुढे ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या लेखात ते म्हणतात की फ्रान्सला समता आणता आली नाही, आणि रशियन क्रांतीचं स्वागत आहे ते ती समता आणू पाहते म्हणून. पण समतेसाठी बंधुता किंवा स्वातंत्र्य यांचा बळी देता येणार नाही. स्वातंत्र्य आणि समता यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. बंधुता म्हटलं की मला आईच्या पुढे ठेवलेली ती दुसरीची पिशवी आठवते. व्हायबोर्गमध्येही रांगेत कुणीतरी कुणाची तरी जागा राखली असेलच. दोन्हीकडच्या नेत्यांनी नेमकी तीच गोष्ट शत्रूंच्या याद्या करता करता हरवली, आणि तिथेच दोन्ही क्रांत्या चुकल्या, असं माझं मत आहे.

८ मार्च ही तारीख महिला दिनासाठी कायमची ठरली ती पेट्रोग्राडच्या त्याच दिवसामुळे. येत्या ८ मार्चला फुलं द्याल, शुभेच्छा पाठवाल, तेव्हा व्हायबोर्गच्या गिरणीतल्या बायकांची गोष्टही घरातल्या मुलींना सांगा. त्या दिवशी त्यांनी पाव मागितला होता.