कुठेही न जाणारा रस्ता

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्या वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, तेव्हा गेली काही वर्षे मला एक बोगदा आठवतो. हा बोगदा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वताच्या कुशीतील स्वेन कौंटीत आहे. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा मुलूख. तिकडे पुतणीकडे मुक्कामाला असताना तिच्या यजमानांनी हौसेने मोटार काढली. ब्रायसन सिटी हे मुख्य गाव मागे पडले, चढण लागली आणि काही मैलांवर रस्ता एकाएकी संपला. पुढे सुमारे १,२०० फूट लांबीचा काळोखा बोगदा आणि पलीकडे केवळ झाडी व पायवाटा.

१८७१ साली स्थापन झालेल्या या कौंटीच्या उत्तर सीमेवर ६,६४३ फूट उंचीचे कुवोही शिखर आहे. सगळा प्रदेश डोंगराळ. सपाट जमीन असेल ती नदीकाठी. मका तिथेच पिकायचा, घरे तिथेच, प्रार्थनामंदिरेही तिथेच. त्यामुळे पाणी अडवले तेव्हा बुडालेही तेच. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अॅल्युमिनियम हवे होते आणि त्यासाठी वीज. १९४२ साली लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरणाचे काम सुरू झाले आणि १९४४ साली ४८० फूट उंचीची भिंत उभी राहिली. जडसन आणि आमंड ही गावे पाण्याखाली गेली. उत्तर तीरावरची बरीच घरे बुडाली नव्हती. बुडाला तो त्यांचा रस्ता. मग सुमारे ४४,००० एकर जमीन राष्ट्रीय उद्यानाला जोडण्यात आली आणि माणसे बाहेर पडली. युद्ध संपल्यावर नवा रस्ता बांधून देऊ, असे १९४३ च्या करारात लिहून दिले होते. बुडालेल्या रस्त्याचे कर्ज मात्र कौंटी पुढे कित्येक वर्षे फेडत राहिली!

नवा रस्ता बोगद्यापर्यंत आला आणि थांबला. खडक फोडताच त्यातून आम्लयुक्त पाणी झरू लागले, खर्च वाढला. अखेर २०१० साली रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले. शेवटचा हप्ता २०१८ साली मिळाला. हा सौदा कौंटीतील अनेकांना हवाच होता, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. गरीब मुलुखाला पैसा लागतो. पण पलीकडच्या कबरींचे काय?

बोगद्यापाशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांची आजी त्या तीरावर पुरलेली. ठरावीक दिवशी उद्यानाचे लोक कुटुंबांना बोटीने नेतात; मग डोंगर चढून कबरी झाडायच्या, मातीचे उंचवटे नीट करायचे, फुले वाहायची आणि तिथेच एकत्र जेवायचे. "आजी वाट पाहते," ते साधेपणाने म्हणाले.

मी त्यांच्याविषयी हळहळत होतो, तोच त्यांनी स्वतःच विषय काढला. ही भूमी त्यांच्या पूर्वजांचीही आधी नव्हती. ती चेरोकी लोकांची. १८३८ साली सैन्याने बहुतेक चेरोकींना पश्चिमेकडे हाकलले. डोंगरांत टिकून राहिलेल्यांच्या वंशजांनी आपले मूळ गाव मानलेले किटुवा १९९६ साली पैसे मोजून परत विकत घेतले. "त्यांनाही आपली माणसे सोडून जावे लागले होते," एवढेच बोलून ते गप्प झाले.

आईची कबर माझ्या घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. तरी दोन वर्षे मी तिथे गेलो नव्हतो. त्या गृहस्थांच्या मोटारीत मागच्या बाजूला एक दाताळे आणि कागदी फुलांचे खोके होते. बोटीला अजून तीन आठवडे अवकाश होता.