‘सध्या राहू दे’ म्हणण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. ‘एचआयव्ही दबलेला आहे, सीडी फोर चांगला आहे, कुठे दुखत-खुपत नाही, तेव्हा हिपॅटायटिस सीचं सध्या राहू दे,’ असं लिहून तू लगेच घराच्या गळतीकडे वळलास. एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, सुरू करायच्या होत्या तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. त्या वेळी आईने तुझं काही चालू दिलं नाही. तिच्यासारखा हट्ट मला जमत नाही, म्हणून मुद्द्यांनीच भांडते.

थांबण्याचा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता, हे मी आधीच मान्य करते. 2004 साली अप्रिकॉट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णांना तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन 48 आठवडे दिलं, आणि बरे झाले जेमतेम 40 टक्के. सोबत ताप, अंगदुखी, रक्त कमी होणं आणि माणूस कोलमडेल असं नैराश्य. यकृत बरं असेल तर वाट बघा, असं डॉक्टर म्हणत ते या उपचाराला भिऊन. आजार साधा आहे म्हणून नव्हे. पुढे औषधंच बदलली. 2015 मध्ये अ‍ॅली-2 या अभ्यासात दोन्ही विषाणू असलेल्यांनी सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिरच्या गोळ्या 12 आठवडे घेतल्या आणि 97 टक्क्यांच्या आसपास लोक बरे झाले. बरे झाले म्हणजे गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनीही रक्तात विषाणू सापडला नाही. एचआयव्हीच्या बाबतीत आपल्याला हे कधी म्हणता आलेलं नाही. त्याच अभ्यासात ज्यांना आठच आठवडे गोळ्या दिल्या त्यांच्यात हा आकडा 76वर आला. हे तुझ्या धरसोड स्वभावासाठी मुद्दाम लिहिते. भीतीचं कारण गेलं, सल्ला मात्र लोकांच्या तोंडी राहिला, आणि तू तोच धरून बसला आहेस.

‘पण मला त्रास नाही.’ सुधीर, यकृत निबर होत जातं ते वर्षानुवर्षं मुकाट्याने. पाय सुजले, पोटात पाणी झालं की मग कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. एचआयव्ही सोबत असेल तर सिरोसिस किंवा यकृत निकामी होण्यापर्यंत जाण्याचा धोका सुमारे तिप्पट, असं जुन्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं. एआरटीने तो कमी होतो, पण पुरता जात नाही. तेव्हा तुझा चांगला सीडी फोर हे थांबण्याचं कारण नाहीच. उलट उपचार सोसायला शरीर आत्ता तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. सिरोसिस झाल्यावर विषाणू गेला तरी यकृताच्या कॅन्सरची टांगती तलवार राहते आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मागे लागते. वाट पाहण्याची किंमत ही आहे. यकृत किती निबर झालंय याचा पहिला अंदाज वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांच्यावरून काढता येतो. हे आकडे तुझ्या फाइलमध्येच असतील. अर्थात त्याआधी एचसीव्ही आरएनए तपासणी हवी. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, इतकंच. काहींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. आरएनए निघालाच नाही, तर हे पत्र खुशाल फाडून टाक.

गोळ्या एकमेकींना मारक ठरतील, ही तुझी शंका मात्र रास्त आहे. तुझ्या एआरटीत डोल्युटेग्रॅव्हिर असेल तर डॅक्लाटासव्हिरचा नेहमीचा 60 मिलिग्रॅमचा डोस चालतो. एफाविरेंझ असेल तर तो 90 करावा लागतो, रिटोनाव्हिरसोबत अ‍ॅटाझानाव्हिर असेल तर 30. व्हेलपाटासव्हिर आणि एफाविरेंझ तर एकत्र चालतच नाहीत. म्हणून घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव. हिपॅटायटिस बीची तपासणीही करून घे, कारण सीच्या उपचारात दबलेला बी उसळू शकतो. एआरटीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्यालाही आवरतात, म्हणून मनाने एआरटीत खंड पाडू नकोस.

‘सरकारी फुकट औषध’ असं तू ज्या सुरात लिहिलंस, तो मला लागला. अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या 12 आठवड्यांची किंमत सुरुवातीला 84,000 डॉलर होती. आपल्याकडे त्याच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत दिल्लीची डीएनपी प्लस ही एचआयव्हीसह जगणाऱ्यांचीच संघटना होती. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आल्या, किंमत उतरली, आणि 2018च्या जुलैत हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन त्या मोफत मिळू लागल्या. तुझ्यासारख्यांनीच भांडून सोपी केलेली वाट आहे ही, तिला भीक समजू नकोस. रांगेत कुणी ओळखेल, ही धास्ती मी खोटी म्हणत नाही. तुझ्या संमतीशिवाय तुझी माहिती उघड करायला 2017चा एचआयव्ही कायदा मनाई करतो, पण कायद्याने कुजबुज थांबत नाही, हे मलाही कळतं. तरी त्या कुजबुजीपायी यकृत पणाला लावायचं का?

आणि मावशी देते तो गुळवेलीचा काढा आधी बंद कर. तिला वाईट वाटलं तर मी बोलेन तिच्याशी. 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे. दारूचं तू लिहिलेलं नाहीस, म्हणूनच मला काळजी वाटते. त्याहून मोठी काळजी तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीतल्या खोकल्याची. किती दिवसांचा आहे? संध्याकाळी अंग तापतं का? वजन उतरलंय का? टीबी निघाला तर रिफाम्पिसिन सुरू होईल आणि त्याने सोफोसबुव्हिरचा असर उतरतो; मग आधी टीबीचा उपचार आणि सीचा त्यानंतर. असं थांबावं लागलं तर मी एक शब्द बोलणार नाही. सोमवारी अलकाला बरोबर घेऊन एआरटी केंद्रात जा, खोकल्याचं आपणहून सांग आणि थुंकी तपासून घे. संध्याकाळी फोन कर. तू नाही केलास तर मी अलकाला करेन.

तुझी,
ताई