वाड्यातली बी.एस.ए.

१२ जून
संध्याकाळी मित्राचा मुलगा आला. "काका, आजोबांची रायफल माझ्या नावावर करून घ्यायची आहे, पण बोअर कुठला तेच कळत नाही." आजोबा गेल्यापासून ती पुण्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. परवान्याच्या पुस्तकात 'मॅगझिन रायफल, बी.एस.ए.' एवढंच वाचता येतं, पुढची शाई ओलीने फुटली आहे. माळ्यावर काडतुसांचा डबा सापडला, त्याचा फोटो त्याने दाखवला. बुडावर मध्ये बाण, एका बाजूला 'के', दुसऱ्या बाजूला 'एफ'. खडकीच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं! थ्री-नॉट-थ्री. म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, खासगी माणसाला बंदी असलेला. हे ऐकून पोरगा घाबरला. डबा आधी पोलीस ठाण्यात जमा कर म्हटलं; डब्यावरून रायफल ओळखायची नसते.

१४ जून
दुकानात गेलो. आधी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं, मगच बाकीचं. दिसायला देखणी चीज. अक्रोडाचं अर्धं लाकूड, दस्त्याला जाळीदार नक्षी, दोन पानांची साधी मागची साइट. घरात सांगतात की एका साहेबाने विलायतेहून खास शिकारीसाठी बनवून आणली होती.

लाकडावर माझा विश्वास नाही. लाकूड कोणीही बदलतं. दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी पट्ट्याची उजवी बाजू पुसली. मुकुट, जी.आर., बी.एस.ए. कंपनी, १९१२, आणि त्याखाली 'एसएचटी. एल.ई.', तीन. शॉर्ट ली-एन्फील्ड, मार्क तीन. सैन्याचीच. बॉडीच्या उजव्या अंगाला लांब चीर आहे, तिच्यात कट-ऑफची पट्टी सरकायची. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहायच्या आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरायचा. पहिल्या महायुद्धात कारखान्यांवर ताण आला तेव्हा ही पट्टी गाळली. इथे पट्टी गेली, चीर राहिली. शिकारीसाठी मुद्दाम घडवलेल्या रायफलीत एवढी मेहनत कोण कशाला घेईल?

आणखी एक खूण भिंगातून सापडली: दोन बाण, टोकाला टोक लावलेले. एक बाण सरकारी मालाचा, उलटा मारलेला दुसरा म्हणजे माल सैन्यातून विकून टाकला.

१५ जून
नळीचा नंबर बॉडीशी जुळत नाही. बोल्टचाही नाही. म्हणजे नळी नंतरची. तिच्यावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची मोहर आहे. विक्रीआधी नळी तपासून घेण्याचा तिथला कायदा जुना आहे. बोअरचा आकडा मात्र घासून गेलाय.

दुकानातल्या कारागिराने मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हलकेच ठोकून काढली. ली-एन्फील्डला डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा असतात आणि इथेच कॅलिपर फसवतो. खाचा पाच, त्यामुळे खाचेसमोर खाच येतच नाही. व्यास कमी भरतो. शिशाला पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून मापलं, पत्र्याची जाडी वजा केली. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ०.३११ इंचाची, ३१५ बोअरची ०.३२३. फरक जेमतेम ०.३ मिलिमीटर. आमचं शिसं मोठ्या आकड्याच्याही किंचित पुढे गेलं. ३१५!

१६ जून
पोराला फोनवर समजावलं. सैन्याची काडतुसं भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी इथल्या खासगी माणसांना सैनिकी बोअर बंद केले. मग बी.एस.ए.ने हिंदुस्थानच्या बाजारासाठी ली-एन्फील्डच्याच बांधणीत ३१५ आणली. गंमत म्हणजे तिचं काडतूस ऑस्ट्रियन सैन्याचं, ८ मिलिमीटर मानलिखर. पण इथल्या फौजेत चालत नव्हतं, म्हणून परवानगी. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने हाच बोअर पुढे चालवला.

"म्हणजे साहेबाने आजोबांना फसवलं?"

"नाही रे. खास बनवलेली नसेल, खास बदललेली आहे." संग्राहक अशा कापलेल्या रायफलींना नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. नळीच्या टोकापर्यंतचं लाकूड आणि संगिनीची टोपी काढून चार किलोंचं ओझं ज्याने हलकं केलं, त्याने नवी माशी रेषेत बसवली आहे. हात कसबी होता. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली, तो भाग निराळा.

माळ्यावरचा डबा कुठून आला ते घरात कोणालाच सांगता येत नाही. ती काडतुसं या चेंबरमध्ये बसणारही नाहीत, त्यांची पुंगळीच सहा मिलिमीटर जास्त लांब.

१९ जून
अर्जाला जोडायचं वर्णन लिहून दिलं: शॉर्ट ली-एन्फील्ड मार्क तीन, बी.एस.ए., १९१२; सैन्यातून विकलेली, शिकारीसाठी बदललेली; नळी नंतरची, बोअर ३१५; बॉडी, बोल्ट आणि नळीचे नंबर वेगवेगळे. खाली लाल शाईने एक ओळ: बोल्ट मूळचा नाही, हेडस्पेस गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नये.