बाबांची प्रतिकारशक्ती

2025च्या उत्तरायणाला बाबांनी फिरकी धरायला नकार दिला. तरसालीच्या आमच्या गच्चीवर ते काम माझ्या लहानपणापासून त्यांचंच. "पायांना मुंग्या येताहेत रे, बसतो जरा," म्हणाले. मी म्हटलं, "सकाळपासून उभे आहात बाबा, येणारच." दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, जिना उतरताना त्यांचे गुडघे एकदम वाकले. कठडा होता म्हणून वाचले.

नव्या वर्षाला ते पुण्यात आत्याकडे, धायरीला होते. तिथे तीन दिवस जुलाब झाले आणि थांबले. त्या पोटाचा आणि या पायांचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी बी-12चं इंजेक्शन दिलं. शेजारच्या काकींनी गुळवेलीचा काढा आणून दिला. नातेवाइकांच्या ग्रुपवरही तेच: वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली, ती वाढवा. मीही मान डोलावली. 18 तारखेला बाबांना खुर्चीतून उठता येईना आणि चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं.

न्यूरोलॉजिस्टनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा, तो हललाच नाही. दुसराही नाही. मग त्यांनी विचारलं, "गेल्या महिनाभरात पोट बिघडलं होतं का?" आई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. नसांची तपासणी आणि पाठीतलं पाणी काढल्यावर नाव कळलं: गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. 1916 साली गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये याचं वर्णन केलं होतं. नावातून स्ट्रोल गळाले. आमच्या क्षेत्रातही असं होतं.

डॉक्टरांचं एक वाक्य मला अजून आठवतं: "त्यांची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती चुकीच्या जागी काम करतेय." पोट बिघडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या आवरणावर शर्करेच्या साखळ्या असतात. तशाच साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकांवरही असतात. जंतूला मारायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं, जंतू जातो, पण ती प्रतिपिंडं सारखेपणाला फसून मज्जातंतूंना चिकटतात. मग कुणाच्या तंतूंवरचं मायेलिनचं आवरण सोलवटतं, तर कुणाच्या आतल्या तंतूलाच इजा होते. मेंदूचा हुकूम निघतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. म्हणूनच पोट बरं झाल्यावर, एक-दोन आठवड्यांनी, पाय जातात. आणि आम्ही प्रतिकारशक्ती वाढवायला काढा पाजत होतो! काढ्याने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस मात्र गेले.

अशक्तपणा पायांकडून वर चढतो, आणि भीती असते ती श्वासाच्या स्नायूंची. नर्स दिवसातून अनेकदा बाबांना एका दमात आकडे मोजायला लावायची. ते मराठीत मोजायचे, ती गुजरातीत हसायची. पहिल्या दिवशी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी बावीस. 20 तारखेला सतरा. त्या रात्री आयसीयूबाहेर मी आणि आई एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पुणे दिसलं. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होणाऱ्या या आजाराचे पुढे तिथे दोनशेवर संशयित रुग्ण झाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस. आत्या फोनवर रडत होती, जणू तिनेच काही केलं. पाणी काय तिच्या हातात होतं?

सुजेवर स्टिरॉइड, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून ते का देत नाही असं मी विचारलं. जीबीएसमध्ये त्याचा उपयोग होत नाही. याच कुळातल्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या सीआयडीपीमध्ये मात्र होतो. इथे मार्ग दोन: प्लाझ्मा बदलणं, नाहीतर आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून गोळा केलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. स्वतःच्या बहकलेल्या प्रतिपिंडांना परक्यांची प्रतिपिंडं आवरतात. बाबांचं वजन 75 किलो, त्या हिशेबाने रोज 30 ग्रॅम. पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या, पाच दिवस. बिल लाखांत गेलं. विमा होता, तरी घरातली एक एफडी मोडली.

आकडा सतरावर दोन दिवस थांबला. मग एकोणीस. मग तेवीस. व्हेंटिलेटर लागला नाही.

त्यानंतरचं सगळं कंटाळवाणं आणि लांबलचक. वॉकर, फिजिओथेरपी, सोसायटीच्या गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. मज्जातंतू आपल्या घाईने भरत नाहीत. आम्हाला साडेचार महिने लागले. डाव्या तळपायाला मुंग्या अजून येतात. आई आता कुणाचंही पोट बिघडलं की पुढचे पंधरा दिवस फोन करून विचारते, "पायांत जोर आहे ना? जिना चढतोस ना?" लोकांना गंमत वाटते.

2026च्या उत्तरायणाला बाबा गच्चीवर आले, कठडा धरत. खुर्चीत बसून फिरकी धरली. माझा पतंग अकराच्या आतच कापला गेला, आणि "ढील का नाही दिलीस?" म्हणून ते दिवसभर मला बोलत होते.